कारभाराची कसोटी



ज्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्ग सांभाळला तसाच पडत्या काळात संस्थेचा जमाखर्चही सांभाळला, हे आपणांस मी सांगावयास नको. म्हणूनच आज स्त्रीच्या कारभाराविषयी बोलावे असे मी योजिले. अहल्याबाईंचे नाव मिरविणाऱ्या या इंदूर नगरीत हा विषय परका नाही. उदाहरण मात्र मी दूरचे घेतले आहे. ते मोटारशर्यतींच्या व्यवसायातील आहे.

फॉर्म्युला वन म्हटले की डोळ्यांपुढे शिरस्त्राण घातलेला चालक येतो. परंतु त्याच्या गाडीमागे शेकडो माणसांचा कारखाना असतो. चालकाची शर्यत दोन तासांच्या आत संपते. संघ चालविणाऱ्याला बारा महिने पगार द्यावयाचे असतात. पैसा येतो तो मुख्यतः प्रायोजकांकडून आणि वर्षअखेरच्या क्रमवारीनुसार वाटल्या जाणाऱ्या बक्षिसाच्या रकमेतून. क्रम घसरला की रक्कम घटते, रक्कम घटली की गाडी मंदावते, आणि मंद गाडीकडे प्रायोजक पाठ फिरवितो. या चक्रात सापडलेल्या एका स्विस संघाची धुरा २०१० साली मोनिषा काल्टेनबोर्न यांच्याकडे आली.

त्यांचा जन्म १९७१ साली डेहराडूनचा. माहेरचे आडनाव नारंग. त्या आठ वर्षांच्या असताना कुटुंब ऑस्ट्रियात गेले. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याची पदव्युत्तर पदवी संपादन केली. काही काळ वकिली कचेऱ्यांत काम केल्यावर त्या फ्रिट्झ काइझर यांच्या उद्योगसमूहात दाखल झाल्या. साउबर या शर्यतसंघात त्या समूहाचा हिस्सा होता; तेथूनच २००० साली त्या संघाच्या विधी विभागाच्या प्रमुख झाल्या. म्हणजे या क्षेत्रात त्यांचा प्रवेश झाला तो करारांच्या कागदपत्रांतून.

पेटर साउबर यांचा हा संघ झुरिच परगण्यातील हिनविल या लहानशा गावचा. २००५ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने तो घेतला आणि २००८ साली त्याने कॅनडाची शर्यतही जिंकली. परंतु २००९ च्या जुलैअखेर कंपनीने माघार जाहीर केली. कारखाना बंद पडण्याची वेळ आली तेव्हा वृद्ध साउबर यांनी संघ परत विकत घेतला आणि २०१० च्या प्रारंभी श्रीमती काल्टेनबोर्न यांना मुख्य कार्यकारी अधिकारी नेमले. २०१२ च्या मे महिन्यात त्यांना एक तृतीयांश मालकी मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये त्या संघप्रमुख झाल्या. फॉर्म्युला वनच्या इतिहासात त्या पदावर आलेली ही पहिली स्त्री. त्या वर्षी संघाने चार वेळा पहिल्या तिघांत स्थान मिळविले व १२६ गुणांसह सहावा क्रमांक राखला.

गौरवाची भाषणे येथे थांबतात. मला मात्र पुढच्या वर्षांविषयी अधिक बोलावयाचे आहे. स्त्रीच्या हाती किल्ल्या बहुधा घर गळू लागल्यावरच येतात, हा आपल्याकडचाही अनुभव आहे. २०१४ साली साउबर संघाला वर्षभरात एकही गुण मिळाला नाही; १९९३ पासूनच्या वाटचालीत असे कधी घडले नव्हते. लहान संघ अशा वेळी, आपल्याबरोबर प्रायोजक आणणाऱ्या चालकांना जागा देतात. साउबरनेही २०१५ साठी तसे दोन चालक घेतले. परंतु त्यापूर्वीच गीडो व्हान डर गार्डे या चालकाशी त्या वर्षाचा करार झालेला होता. तो लवादाकडे गेला. निर्णय त्याच्या बाजूने लागला. मार्चमध्ये, मेलबर्नच्या शर्यतीच्या आठवड्यात, तेथील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि संघाचे अपीलही फेटाळले. अखेर तडजोड झाली. संघाचे दोन्ही चालक धावले, पाचवे आणि आठवे आले, आणि एका दुपारी चौदा गुण मिळाले.

या प्रकरणाकडे कसे पाहावे? दिलेला शब्द मोडणे गैरच. निकड कितीही असो, कराराचे बंधन तिने सुटत नाही. जिने आयुष्य करारांच्या अभ्यासात घालविले तिच्या कारकिर्दीत हे घडावे, याचे मोल तिच्या नावाने मोजावेच लागेल. स्त्री म्हणून येथे सूट मागणे हा तिच्या पदाचाच अवमान ठरेल. पण ताळेबंदाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. त्याच काळात केटरहॅम संघ २०१४ अखेर बुडाला. २०१६ च्या ब्राझील शर्यतीत साउबरने नववे स्थान आणि दोन गुण मिळविले; त्या दोन गुणांनी मॅनॉर संघ मागे पडला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यालाही टाळे लागले. हिनविलचा कारखाना तगला. जुलै २०१६ मध्ये त्याला नवे धनी मिळाले. त्यांच्याशी भवितव्याविषयी मतभेद झाल्याने जून २०१७ मध्ये श्रीमती काल्टेनबोर्न बाहेर पडल्या. तो कारखाना पुढे आउडी या बड्या जर्मन कंपनीने घेतला.

‘पहिली स्त्री’ या बिरुदाने एक तारीख कळते. कारभाराची किंमत कळत नाही. ती कळते संस्था अडचणीत असताना पगार निघाले का, दार उघडे राहिले का, आणि त्यासाठी कोणाचा हक्क डावलला गेला का, या तीन प्रश्नांनी. श्रीमती काल्टेनबोर्न यांच्याबाबत पहिल्या दोहोंचे उत्तर आणि तिसऱ्याचे उत्तर एका दिशेचे नाही, आणि प्रामाणिक माणसाने ते तसेच मांडावे. या शाळेच्या मुली उद्या पेढ्या, कारखाने, संस्था चालवितील. त्यांचे मूल्यमापन याच तीन प्रश्नांनी व्हावे, अधिक सवलतीने नको आणि अधिक कठोरतेनेही नको, एवढीच माझी विनंती आहे.