नियम शिकलेल्याला चकवणारा शब्द



पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ ही पाटी आपण सगळ्यांनीच वाचली आहे. आता शाळेत इंग्रजी मन लावून शिकलेला मुलगा काय करील? ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारे, ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे. मग ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे! नियम पाठ, उत्तर चूक. आणि ही चूक परीक्षेत नव्हे, टँकरशेजारी बिडी शिलगावताना महागात पडते.

लॅटिनमध्ये ‘इन’ दोन. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. पेटवणे या अर्थाचे ‘इन्फ्लामारे’ हे क्रियापद दुसऱ्याच्या गोतातले. डॉक्टर सांध्याला ‘इन्फ्लमेशन’ आहे म्हणतात तेव्हा तोच ‘इन’ असतो. तिथे कुणी फसत नाही, कारण सांधा ठणकत असतो. थोडक्यात, ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ यांच्या अर्थात तसूभरही फरक नाही. यातला ‘फ्लेमेबल’ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आला आणि पुढे बराच काळ अडगळीत पडून राहिला.

त्याला बाहेर काढले ते आगीशी रोजचा संबंध असलेल्यांनी, वैयाकरणांनी नव्हे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही १९५९ मध्ये तेच धोरण जाहीर केले आणि उलट अर्थासाठी ‘नॉनफ्लेमेबल’ सुचवला.

शब्दांपायी आगी लागतात, हे बेंजामिन ली व्होर्फ यांनी जवळून पाहिले होते. हे नामवंत भाषाशास्त्रज्ञ पोटापाण्यासाठी हार्टफर्डच्या आग-विमा कंपनीत काम करत. त्यांनी नोंदवले आहे की भरलेल्या पेट्रोलच्या पिंपांजवळ माणसे जपून वागत, पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बेफिकीर होत, सिगारेटची थोटकेही टाकत. खरे तर रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ साठलेली असते. आता तिथे धोका नाही, असे ‘रिकामे’ हा शब्दच सांगून जात होता.

लेखनशैलीवरच्या स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या पुस्तकाने मात्र ‘फ्लेमेबल’कडे पाहून नाक मुरडले. मुलांच्या आणि निरक्षरांच्या जिवासाठी टँकरवाल्यांनी ‘फ्लेमेबल’ लिहावे, बाकीच्यांनी ‘इन्फ्लेमेबल’च वापरावा, असा त्यांचा सल्ला. मला हा शहाणपणा अर्धवट वाटतो. निरक्षर माणूस पाटी वाचतच नाही. तो वासावरून ओळखतो. फसतो तो उपसर्गांचा नियम शिकलेला, म्हणजे तुमच्याआमच्यासारखा.

जुना शब्द संपलेला नाही, तो माणसांच्या वाट्याला गेला आहे. भडक माथ्याच्या गृहस्थाला इंग्रजीत ‘इन्फ्लेमेबल’च शोभते. त्याला ‘फ्लेमेबल’ म्हटले, तर त्याच्या सदऱ्याचे कापड कसले आहे, हे आधी पाहावेसे वाटते.