शंभर टक्के निकाल आणि गळालेलीं पोरें

(गिरड येथें पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



दहावीचा निकाल लागला कीं माझ्याकडे दोन तऱ्हेचे लोक येतात. कोणी पेढे घेऊन येतात, कोणी प्रश्न घेऊन. प्रश्न बहुधा एकच असतो. "गुरुजी, धाकट्याला नागपुरास मामाकडे ठेवतों म्हणतों, तिकडे कोणतें हायस्कूल चांगलें?" एकएकट्यास उत्तर देण्यापेक्षां सर्वांस एकदम सांगावें म्हणून आज उभा राहिलों आहें. मी विद्वान नाहीं. मराठी अध्यापक विद्यालयांत शिकलेला गांवचा मास्तर आहें. परंतु वीस वर्षें हजेरीपट लिहीत आलों, आणि मला सांगावयाचें तें हजेरीपटांतलेंच आहे.

शहरांत गेलेल्या आपल्या माणसाचे डोळे दिपतात. प्रत्येक हायस्कुलाच्या फाटकावर कापडी फलक. कोठें ९८ टक्के, कोठें शंभर टक्के निकाल. बाजारांत आपण कापूस विकावयास नेतों तेव्हां व्यापाऱ्याच्या कांट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतों. पण पोर शाळेंत घालतांना मात्र शाळेनें सांगितलेलें वजन मुकाट्यानें मान्य करतों! हा टक्का कशाचा आहे, कोणी मोजला, किती पोरांतून मोजला, हें विचारण्याचें आपल्या मनांतच येत नाहीं.

मींही एकदां विचारलें नव्हतें. आपल्याच भागांतल्या एका सुतारबंधूचा मुलगा माझ्याकडे सातवीपर्यंत होता. हाताचा कुशल, गणितांत बरा, इंग्रजींत कच्चा. बापानें मला विचारलें, आणि मीं एका मोठ्या शहरांतील नांवाजलेल्या शाळेचें नांव दिलें. कां दिलें? तिच्या फाटकावर शंभर टक्के लिहिलेलें मीं पाहिलें होतें म्हणून. दुसरें कारण माझ्याजवळ नव्हतें. पोराला आठवींत जागा मिळाली. नववींत सहामाहींत तो दोन विषयांत मागें पडला. बापास बोलावणें गेलें. बाप एस.टी.नें गेला, दिवसाची मजुरी बुडवून. त्याला सांगण्यांत आलें कीं, मुलगा दहावींत नापास होईल, वर्ष वाया जाईल, तेव्हां दाखला काढून घ्या व बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा. मास्तर मंडळी सांगतात म्हणजे खरेंच असेल, असें समजून त्यानें स्वतःच्या सहीनें दाखला काढला. त्या वर्षींही त्या शाळेचा निकाल शंभर टक्केच लागला. बाप माझ्यापाशीं आला व एवढेंच बोलला, "गुरुजी, तुम्हीच त सांगतलं होतं." पोर पुढें बाहेरून बसला, दुसऱ्या खेपेस पास झाला, आज रंधा चालवतो. त्याची कमाई वाईट नाहीं. परंतु त्याच्या दाखल्यावर बापाची सही आहे आणि तिच्यामागें माझा शब्द आहे, हें मी विसरूं शकत नाहीं.

आतां ही गोष्ट घडते कशी तें पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेंतून काढतां येत नाहीं. नववीपासून तें कवच राहत नाहीं, आणि दहावीच्या निकालाची भीति तेथूनच सुरू होते. १७ नंबरचा फॉर्म ही सोय मुळांत चांगली आहे. शाळा सुटून कामास लागलेल्या माणसास पुन्हां परीक्षेस बसतां यावें म्हणून ती केलेली आहे. परंतु बाहेरून बसणाऱ्यांचा हिशेब वेगळा होतो. त्याचा डाग शाळेच्या टक्क्यास लागत नाहीं. मग कच्च्या पोरास बाहेरची वाट दाखविण्याचा मोह कोणास होणार नाहीं? सगळ्या शाळा असें करतात असें मी मुळींच म्हणत नाहीं. मोह आहे, आणि तुम्हीं विचारलें नाहीं तर तो वाढतो, एवढेंच म्हणतों.

एक हिशेब करूं. समजा, एका शाळेंत आठवींत ६० पोरें आलीं. दहावीच्या परीक्षेस त्यांतलीं ४० बसलीं, चाळीसही पास झालीं. निकाल शंभर टक्के! शेजारच्या शाळेंतही ६० आलीं; त्यांतलीं ५८ परीक्षेस बसलीं, ५० पास झालीं. निकाल ८६ टक्के. फलक पहिलीचा झळकेल. पण साठांतून चाळीस पैलतीरास नेणारी शाळा मोठी, कीं पन्नास नेणारी? पराटीची विरळणी आपण करतों. एका जागीं दोन रोपें वाढलीं तर एक उपटतों. तें झाडाला ठीक आहे. उपटलेल्या पोराची आई घरीं बसलेली असते! चांगला शेतकरी उगवण कमी झाली तर नांग्या भरतो. चांगला मास्तर तसा संध्याकाळीं अर्धा तास बसून कच्चें पोर भरून काढतो, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही फलकावर नसतो.

दुसरी गोष्ट. टक्का वाढला म्हणजे शिकवणें सुधारलें, असेंही नाहीं. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ सालीं ८९.४१ टक्के होता. २०१९ सालीं तो ७७.१० वर आला, आणि २०२० सालीं एकदम ९५.३० वर चढला. एका वर्षांत महाराष्ट्रांतलीं पोरें ठोंब झालीं आणि दुसऱ्या वर्षीं पंडित झालीं काय? २०१९ सालीं अभ्यासक्रम नवा होता व भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेच्या हातचे वीस गुण बंद केले होते. पुढल्या वर्षीं ते परत दिले, आणि करोनामुळें भूगोलाचा पेपरच रद्द होऊन सरासरीनें गुण मिळाले. २०२१ सालीं तर परीक्षाच झाली नाहीं आणि निकाल ९९.९५ लागला. म्हणून दोन शाळांची तुलना करणें असेल तर एकाच वर्षाचे आंकडे समोरासमोर ठेवा, आणि एक वर्ष नव्हे, चार-पांच वर्षें पाहा.

नागपूर आपणांस जवळचें. परंतु तुलना किती फसवी असते हें दाखविण्यास मुंबईचें उदाहरण अधिक सोयीचें, कारण तेथें एकाच महानगरपालिकेच्या छत्राखालीं सगळे नमुने सांपडतात. तिच्या शाळा आठ भाषांतून चालतात. प्राथमिक शाळा शेकड्यांनीं आहेत, माध्यमिक त्यामानानें थोड्या. २०१९ सालीं तिच्या शाळांचा दहावीचा निकाल ५३.१४ टक्के लागला, तेव्हां मोठी ओरड झाली. पुढल्याच वर्षीं तो ९३.२५ झाला, तेव्हां कौतुक झालें. ओरड करणारांनीं व कौतुक करणारांनीं, दोघांनींही, नियम बदलल्याकडे जरा कमीच पाहिलें. त्याच २०२० सालापासून पालिकेनें सी.बी.एस.ई. व आय.सी.एस.ई. अभ्यासक्रमाच्या शाळा काढल्या. त्यांस इतके अर्ज येऊं लागले कीं सोडत काढावी लागली. पालिकेच्या शाळेसाठीं रांग लागावी ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या शाळेंतलीं पोरें आणि गल्लींतल्या जुन्या मराठी किंवा उर्दू शाळेंतलीं पोरें यांची तुलना करतांना ध्यानांत ठेवा कीं, सोडतीचा अर्ज वेळेवर भरणारा बाप त्या पोराच्या मागें उभा आहे. मुंबईंत रात्रशाळाही आहेत. दिवसभर हॉटेलांत नाहींतर दुकानांत राबलेला मुलगा संध्याकाळीं तेथें पाटीदप्तर घेऊन बसतो. त्याच्या शाळेच्या साठ टक्क्यांस शिकवणीवाल्या पोरांच्या नव्वद टक्क्यांशीं तोलणें म्हणजे कोरडवाहू रानाचा उतारा ओलिताच्या रानाशीं तोलण्यासारखें आहे.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें होतें कीं, सरकारचा पैसा येतो शेतकऱ्याच्या घामांतून आणि शिक्षणाचा लाभ जातो वरच्या वर्गास. अनुदानित शाळेच्या मास्तरांचा पगार आजही सरकारी तिजोरींतूनच निघतो. तेव्हां तेथें हिशेब विचारणें हा उद्धटपणा नव्हे.

मग विचारावें काय? पहिलें हेंच कीं, आठवींत किती होतीं, नववींत किती, दहावीस किती बसलीं. हेडमास्तर सांगत नसतील तर दुसरा मार्ग आहे. प्रत्येक शाळेस अकरा आंकड्यांचा यूडायस क्रमांक असतो, आणि त्यावरून वर्गवार पटसंख्या, मास्तरांची संख्या, खोल्या, मुलींची संडासें हें सारें मोबाईलवर पाहतां येतें. दोन-तीन वर्षांची पटसंख्या शेजारीं ठेवली कीं पोरें कोठें गळतात तें अडाणी माणसासही दिसेल. गणित व विज्ञानाला मास्तर आहे कीं जागा रिकामी आहे, तेंही विचारा. मुलगी असेल तर शाळा सुटल्यावर ती घरीं कशी येते तें बाप म्हणून स्वतः चालून पाहा.

आणि पोर रात्रीं निजणार कोठें? शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें, व पुढें इतर जातिधर्मांच्या मुलांसाठींही. शहरांत शाळा होत्याच; खेड्यांतल्या पोराला तेथें टिकावयास भाकर व छप्पर नव्हतें. आजही मामाच्या एका खोलींत सहा माणसें असतील आणि रात्रीं अकरापर्यंत टी.व्ही. चालत असेल, तर शाळा कितीही नांवाजलेली असो, पोर नववींत मागें पडणारच. त्यापेक्षां येथेंच ठेवून संध्याकाळीं माझ्याकडे पाठवाल तर मला आनंद आहे. मात्र जाणाऱ्यास मी अडवणार नाहीं.

ज्यांस यंदां मुलें बाहेरगांवीं घालावयाचीं आहेत त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. येतांना शाळांचीं नांवें लिहून आणा, म्हणजे यूडायस क्रमांक शोधतां येतील. मोबाईल माझा आहे. पट समोर ठेवून एकेक शाळा पाहूं.