अब्रू : जपानची आणि पश्चिमेची



अब्रू गेली की ‘तोंड दाखवावयास जागा उरली नाही’ असे आपण म्हणतो. जपानी भाषेतही प्रतिष्ठेला ‘मेनबोकु’ असा शब्द असून त्यात मुखाचाच अर्थ आहे. एवढ्यावरून जपानी मनुष्याची अब्रू म्हणजे निव्वळ लोकलज्जा, असे मात्र आम्हांस वाटत नाही. रूथ बेनेडिक्ट ह्या अमेरिकन विदुषींनी १९४६ सालच्या आपल्या ग्रंथात जवळजवळ तसाच सिद्धान्त मांडला : पाश्चात्य मनुष्य आपल्या मनाला भितो, जपानी मनुष्य लोकांच्या नजरेला. बाईंनी जपान पाहिलेला नव्हता, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

१७०१ साली आको संस्थानचे अधिपती आसानो ह्यांनी एदोच्या राजवाड्यात किरा नामक अधिकाऱ्यावर शस्त्र चालविले. त्याच दिवशी त्यांस पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली; संस्थान खालसा झाले. त्यांचा कारभारी ओइशी हा मद्य व कलावंतिणी ह्यांत बुडाल्यासारखा वागू लागला, असे परंपरा सांगते. हेतू हा की, किराचे हेर निर्धास्त व्हावेत. पुढे १७०३ च्या जानेवारीत ४७ सेवकांनी किराचा वध करून त्याचे शिर धन्याच्या समाधीपुढे ठेविले. लोकांची नजर हेच ज्याचे सर्वस्व, तो अशी नाचक्की मुकाट्याने सोशील काय?

उलट अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री हॅमिल्टन पाहा. १८०१ साली त्यांचा थोरला मुलगा फिलिप, अवघा एकोणीस वर्षांचा, पित्याच्या अवमानावरून झालेल्या द्वंद्वयुद्धात मेला. ती प्रथा स्वतःस अमान्य असूनही १८०४ साली हॅमिल्टन उपाध्यक्ष बर ह्यांच्या पिस्तुलापुढे उभे राहिले व प्राणास मुकले. नकार दिला तर सार्वजनिक जीवनात पत राहणार नाही, हे त्यांचे कारण! लोकलज्जेचा पगडा मग कोणावर अधिक?

भेद आहे तो दुसराच. द्वंद्वात गोळी झाडली की हिशेब मिटे. जपानात ‘गिरी’ म्हणजे ऋण. धनी मेला तरी ते फिटत नसे. म्हणूनच शोगुनचे पंडित पेचात पडले. ओग्यू सोराई ह्यांनी सल्ला दिला, तो आम्हांस विचारी वाटतो : कायदा राहिलाच पाहिजे, परंतु मरण गुन्हेगाराचे नको, सामुराईचे द्यावे. तसेच झाले, ४६ जणांनी पोटे चिरली.

त्यांत ओइशीचा मुलगा चिकाराही होता. वय पंधरा. आम्ही आयुष्यभर त्याच वयाच्या मुलांचे वर्ग घेतले. फिलिप काय, चिकारा काय, दोघेही बापाच्या अब्रूपायी गेले. चिकारा स्वखुशीने सामील झाला असे म्हणावे, तर पंधराव्या वर्षी ‘नाही’ म्हणण्याची मुभा त्याला कोणी दिली होती?