निर्वासित आणि भूमिपुत्र



आम्हांला बोलण्याची सवय आहे ती कारखान्याच्या फाटकावर. तिथे ऐकणारा उभा असतो, त्याची पाळी नुकतीच सुटलेली असते आणि त्याला गाडी गाठायची असते. तिथे पाल्हाळ चालत नाही. इथे आपण खुर्च्यांवर बसून ऐकणार आहात, हा आमच्यापुढे मोठा मोह आहे. तो आवरून सरळ विषयाला हात घालतो.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत एक वाक्य आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. "सिंधी आला तेव्हा नेसत्या वस्त्रानिशी आला, आणि आज बघा! आमचा आगरी, आमचा कातकरी पिढ्यान्‌पिढ्या इथला, पण तो आहे तिथेच." कोणी हे कौतुकाने म्हणतो, कोणी कडवटपणाने. दोघांचेही अनुमान मात्र एकच असते, की एकाच्या रक्तात धंदा आहे आणि दुसऱ्याच्या रक्तात आळस. आम्ही स्वतः ना सिंधी, ना आगरी. आमचे वडील घाटावरून अंबरनाथला काड्यापेट्यांच्या कारखान्यात पोट भरायला आले. म्हणजे आम्हीही उपरेच. आमची शाळा सातवीला सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि कामगार न्यायालयाच्या बाकड्याने केले. त्यामुळे रक्ताचे शास्त्र आम्हांला ठाऊक नाही. कागदाचे थोडे ठाऊक आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली. दोन हजारांवर बराकी, पाच कॅम्प. युद्ध संपले, छावणी ओस पडली. आणि १९४७-४८ साली सिंधमधून आगबोटींनी मुंबईला उतरलेली माणसे आगगाडीने इथे आणून सोडण्यात आली. थोड्याच काळात इथे लाखभर माणूस जमला. एकेका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये भिंतीच्या जागी गोणपाटाचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण केले. त्या वेळी तिथे उल्हास वाटावा असे फारसे काही नव्हते. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी आणि पोरांनी ते गाडीत विकले. गोळ्या विकल्या, कंगवे विकले. मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या फेरीवाल्याचा तो एक नमुनाच होऊन बसला. पुढे छोटे छोटे कारखाने निघाले. "मेड इन यू. एस. ए." म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा आपण सर्वांनी केली आहे. आता ती शिळी झाली आहे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांच्या वर गेली.

ही मेहनत खोटी नाही. जे त्या बराकीत राहून वर आले त्यांच्या कष्टांतून एक कवडीही आम्ही कमी करणार नाही. पण "नेसत्या वस्त्रानिशी" हे अर्धे सत्य आहे. सिंधमध्ये हिंदू सुमारे चौथ्या हिश्शाइतके; पण शहरांतला व्यापार, सावकारी आणि सरकारी नोकऱ्या यांत त्यांचा वाटा फार मोठा. आमिल लोक शिकलेले, दप्तरातले, भाईबंद व्यापारी. हैदराबादच्या सिंधवर्की पेढ्या फाळणीच्या कितीतरी आधीपासून सिंगापूरपासून जिब्राल्टरपर्यंत पसरलेल्या होत्या. जमीन मागे राहिली, वाडा मागे राहिला. पण लिहिता येणे, हिशेब ठेवता येणे, कोणाच्या शब्दावर उधार द्यावे हे कळणे, या गोष्टी सरहद्दीवर कोणाला काढून घेता येत नाहीत. हैदराबाद सिंधमध्ये १९२२ साली सुरू झालेले नॅशनल कॉलेज त्याच मंडळींनी १९४९ साली वांद्र्याला पुन्हा उभे केले, आणि १९६५ साली उल्हासनगरला चांदीबाई कॉलेज काढले. इमारत तिकडे राहिली, संस्था डोक्यात घालून आणली.

त्यातही एक भेद आहे. ज्यांच्या गाठीला पैसा होता ते मुंबईत खारला, वांद्र्याला, चर्चगेटला गेले. कॅम्पात राहिले ते त्यांतले गरीब. आजही कॅम्पाच्या आतल्या गल्ल्यांत अशी सिंधी घरे आहेत की ज्यांना गाडीतल्या त्या वाक्यातले "आज बघा" लागू पडत नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. त्या घरांत कोणी लक्षाधीश राहत नव्हते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. निर्वासिताचे जे बुडाले त्याची सरकारने नोंद केली. १९४८ साली पुनर्वसनासाठी कर्ज देणारी स्वतंत्र यंत्रणा कायद्याने निर्माण झाली. १९५० साली दाव्यांचा कायदा झाला: तुझे घर किती खणी, तुझे दुकान कुठे, किंमत किती, ते लिहून दे. १९५४ साली नुकसानभरपाई आणि पुनर्वसन यांचा कायदा झाला. दावा मोठा असेल तर टक्केवारी कमी, लहान असेल तर जास्त, अशी वाटणी ठरली. बराकी आणि जागा या भरपाईच्या हिशेबात धरून राहणाऱ्यांच्या नावावर झाल्या. भरपाई अपुरी होती, दप्तरदिरंगाई होती, हे खरेच. आणि गेलेल्या मुलखाची भरपाई कोणता कायदा करणार? त्यांची भाषासुद्धा घटनेच्या आठव्या परिशिष्टात यायला १९६७ साल उजाडले. पण "तुमचे नुकसान झाले आहे" हे वाक्य सरकारी शिक्क्यानिशी त्यांच्या हाती होते. त्या कागदावर कर्ज मिळते, गाळा मिळतो, जामीन राहता येते.

आता ज्या मातीवर ही छावणी उभी राहिली त्या मातीच्या माणसाकडे पाहा. युद्धकाळात सैन्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या त्या काही निर्जन चंद्रावरच्या नव्हत्या. नेवाळीचे उदाहरण आपल्या सर्वांच्या समोरचे. १९४२ च्या सुमारास विमानांच्या धावपट्टीसाठी तिथल्या गावांची शेती सरकारने ताब्यात घेतली. युद्ध १९४५ मध्ये संपले. शेतकरी ती जमीन कसत राहिला, पण कागद सैन्याकडे राहिला. जून २०१७ मध्ये नौदलाने कुंपणाचे काम काढले तेव्हा गावे रस्त्यावर आली, जाळपोळ झाली, पोलिसांनी छऱ्यांचा मारा केला. वर्तमानपत्रांनी दोन दिवस "हिंसाचार" असे मथळे दिले. आम्ही हिंसेचे समर्थन करीत नाही. एवढेच विचारतो, की कराचीतल्या घराचा दावा लिहून घेणारा कारकून सरकारला सापडला, तर नेवाळीच्या शेताचा दावा निकालात काढणारा पंचाहत्तर वर्षांत का सापडू नये?

कुळकायद्याचेही तेच. आगरी शेतकऱ्याने त्यासाठी रक्त आटवले आहे. अलिबागजवळ चरीला १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सुमारे सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. त्या रेट्यातून १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आला, कसणारा मालक ठरला. पण कोणता कसणारा? ज्याचे नाव कूळ म्हणून दप्तरात होते तो. कातकरी कूळ नव्हता. तो जंगलात काथ पाडीत होता, कोळसा पाडीत होता, दुसऱ्याच्या शेतावर गडी होता. काथ गेला, जंगल सरकारजमा झाले, आणि जमीन वाटली गेली त्या दिवशी याचे नाव कोणत्याच रकान्यात नव्हते.

ही गत काही आपल्याच ठाणे जिल्ह्याची नाही. पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तिथे १८४८ साली राजाच्या अमदानीत जमिनीची नवी वाटणी झाली. दावा लिहून देईल त्याला जमीन. सामान्य हवाईयन माणसाला दावा लिहिणे म्हणजे काय हेच कळले नाही. जमीन हळूहळू उसाच्या मळेवाल्यांकडे गेली, १८९३ साली त्याच मंडळींनी अमेरिकन सैनिकांच्या आधाराने राणीला पदच्युत केले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने घेतली. १९२१ साली मूळ रहिवाशांना घरासाठी जमीन देण्याचा कायदा झाला. शंभर वर्षे उलटली तरी त्याच्या प्रतीक्षायादीत हजारो नावे आहेत. उलट १९६५ नंतर त्याच अमेरिकेत आफ्रिकेतून गेलेली माणसे पाहिली तर त्यांच्यात पदवीधरांचे प्रमाण सर्वसाधारण अमेरिकनापेक्षा जास्त. कारण उघड आहे: शिकलेला तेवढा चाळणीतून पलीकडे गेला. तरी त्यातला एखादा पदवीधर टॅक्सीच हाकतो. तिथेही गाडीत बसून कोणी म्हणत असेल, "बाहेरून आलेला बघा, आणि आमचा हवाईयन बघा."

भूमिपुत्र हा शब्दही जपून वापरला पाहिजे. तो एक माणूस नाही. बदलापूरच्या पलीकडे ज्यांची जमीन रस्त्यालगत होती त्या आगरी-कुणबी घरांतून गेल्या वीसपंचवीस वर्षांत पैसा आला. कोणी बंगला बांधला, कोणी इमारती बांधू लागला, कोणी नगरसेवक झाला. आणि कोणाच्या पोराने जमिनीच्या पैशाची गाडी घेतली, तिच्यावर आता तोच ड्रायव्हर आहे, तेही आम्ही पाहिले. पण कातकऱ्याकडे विकायलाही काही नव्हते. वीटभट्टीचा मालक पुष्कळदा भूमिपुत्रच असतो आणि भट्टीवरचा मजूरही भूमिपुत्रच.

या भट्टीचा हिशेब आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात आजारपण असते, तेव्हा मजूर उचल घेतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते. दर हजार विटांमागे ठरतो, पण तो एकट्या माणसाचा नसतो. नवरा, बायको आणि हाताशी येणारी पोरे यांचा मिळून असतो. आठवड्याला खर्ची मिळते, तेवढ्यावर मीठ-मिरची. पावसाच्या तोंडाला भट्टी मोडते तेव्हा वही उघडतात. वही मालकाची, अक्षर मालकाचे. बहुधा बाकी निघते ती मजुराकडेच, आणि ती पुढच्या साली फेडायची. एका भट्टीवर आम्ही ती वही मागितली. "वही कशाला? तो नाही कुठे म्हणतोय?" असे उत्तर मिळाले. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. भट्टीवरची पोरे दिवाळीपासून पावसापर्यंत शाळेत नसतात. म्हणजे पुढची वही वाचणाराही तयार होत नाही. सिंधी आईबापांनी बराकीत राहून पोर शाळेत घातले, याचे मोल या ठिकाणी समजते. पण त्यांना बराक होती आणि बराकीला पत्ता होता.

पाण्याचेच घ्या. आज अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली या गावांना आणि इथल्या कारखान्यांना पाणी देणारे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढली आणि दर टप्प्याला मुरबाडकडच्या वाड्या-पाडे पाण्याखाली गेले. नळ आपल्या घरी, बुडीत त्यांच्या घरी. नवी मुंबईत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांनी पाच माणसे गमावली तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पदरात पडले. जिथे संघटना होती तिथे नोंद झाली. नव्हती तिथे नाही झाली. आम्ही युनियनवाले आहोत, आम्हांला हेच दिसणार, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.

आणखी एक तुलना. उल्हासनगरात परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या शेकडो इमारती पाडण्याचा हुकूम उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा त्या नियमित करण्यासाठी राज्य सरकारने २००६ साली केवळ त्या एका शहराकरिता खास कायदा केला. हजारो कुटुंबे रस्त्यावर येणार होती, कायदा झाला ते बरेच झाले. पण त्याच तालुक्यांतल्या कित्येक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. जमिनीला भाव आला, मालकाने जमीन विकली, की नवा मालक पहिल्यांदा कुंपण घालतो, मग वाडीची वाट बंद होते, मग पाणी. तिथे खास कायदा कोणी केला नाही.

गंमत अशी की तिथे नव्या कायद्याची पुरती गरजही नाही. त्याच १९४८ च्या कुळकायद्यात, सोळाव्या कलमापासून पुढे, दुसऱ्याच्या जागेवर घर बांधून राहणाऱ्या कुळाला घरातून काढता येणार नाही, ती जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा, अशी तरतूद आहे. आणि अठराव्या कलमाने ती शेतमजूर व कारागीर यांनाही लागू केली आहे. हे कलम वाडीत कोणालाच ठाऊक नसते. तलाठ्याला ठाऊक असते, पण त्याला कोणी विचारत नाही. आमच्या युनियनने यंदा हे काम अंगावर घेतले आहे, जरी वर्गणी कारखान्यातल्या कामगाराची असली तरी. जुनी शिधापत्रिका, मतदारयादीतले नाव, शाळेच्या पटावरची पोराची नोंद, घरपट्टीची पावती असेल तर ती, असे कागद गोळा करून एकेका घराचा अर्ज तहसीलदाराकडे द्यायचा. अर्ज लिहायला शिकलेली माणसे लागतात. निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, वकील या सभागृहात पुष्कळ बसले आहेत. उल्हासनगरचे दोन सिंधी गृहस्थ आमच्याबरोबर येऊ लागले आहेत. त्यांतले एक पंच्याऐंशीच्या घरातले. त्यांच्या वडिलांचा १९५० सालचा दाव्याचा कागद त्यांनी अजून जपून ठेवला आहे आणि नमुना कसा भरायचा हे ते आम्हांलाच शिकवतात.

रविवारी सकाळी साडेसातला बदलापूर स्टेशनच्या पूर्वेकडून आम्ही निघतो. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. आपणांस काही विचारायचे असेल तर विचारावे.