आमचे काका : एका गिरणी कामगाराचे स्मरण



मोठ्या नेत्यांची चरित्रे आपण वाचतो. पण ज्यांच्या घामावर आपली घरे उभी राहिली त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. म्हणून आज मी माझ्या कालकथित काकांविषयी चार शब्द सांगणार आहे.

काका रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातून मुंबईला आले. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. त्या गर्दीत अठरा वर्षांचे काका होते. पुढे ते गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर गेटवरून परत! कायम व्हायला त्यांना सात वर्षे लागली.

ते त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत होते. त्यामागे इतिहास आहे. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. पण तेथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या सबबीवर आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. हे काकांनी मला सांगितले, तेव्हा मी सातवीत होते.

माझे वडील लवकर गेले. आई आणि आम्ही तीन भावंडे काकांच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत आलो. एका खोलीत नऊ माणसे. काका रात्रपाळी करून यायचे आणि दिवसा गॅलरीत झोपायचे, कारण खोलीत आमचा अभ्यास चालू असायचा. त्यांच्या केसांत कापसाचे तंतू असायचे आणि खोकला त्यांना कधी सुटला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला. किराणावाला उधारी देईना. मी बारावीला होते. नातेवाईक म्हणाले, ‘पोरीचं शिक्षण थांबवा, मुलाला शिकू द्या.’ काका म्हणाले, ‘ती पुढं आहे, तीच शिकेल.’ काकूंनी कानातल्या कुड्या मोडून माझी फी भरली. काकांनी दादरला भाजीची पाटी घेतली. आणि माझा चुलतभाऊ दहावीनंतर छापखान्यात कामाला लागला. त्याला शिकायचे नव्हते असे नाही. त्याची पुस्तके कित्येक वर्षे ट्रंकेत होती.

काकांना गिरणीने पुन्हा कामावर घेतले नाही. मी शिक्षिका झाले. पहिला पगार त्यांच्या हातात ठेवला, तेव्हा त्यांनी तो उचलून माझ्या चुलतभावाच्या हातात दिला. ते एक शब्दही बोलले नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या प्रत्येकाच्या घरात शिकलेल्या माणसामागे एक न शिकलेला माणूस उभा आहे. त्याला विचारा. त्याचे गाव, त्याचे खाते, त्याची पाळी, त्याची मजुरी लिहून घ्या. गिरण्यांच्या जागी आज मनोरे आहेत. तेथे कोणी राबले हे सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. आणि ज्याची पुस्तके ट्रंकेत राहिली, त्याच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावा. माझ्या भावाच्या मुलीची फी मी भरली, ती उपकार म्हणून नव्हे. ते काकांचे देणे होते.