यंत्र येण्याआधीची माणसे



ह्या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी अधिकाराने सांगितलेच आहे. मी थेट विषयाकडे वळतो.

माझी सारी नोकरी एका बँकेच्या कर्मचारी विभागात गेली. मी लागलो तेव्हा त्या विभागाला आस्थापना म्हणत, पुढे तो कार्मिक विभाग झाला आणि आता मानव संसाधन विभाग म्हणतात. पाट्या तीनदा रंगवल्या गेल्या. ह्या विभागाचे एक दुखणे मात्र तिन्ही पाट्यांखाली कायम राहिले. नवे यंत्र घ्यायचे ठरते तेव्हा त्याला कोणी विचारत नाही आणि यंत्र येऊन माणसे बिथरली की त्यालाच पुढे करतात. माझ्या आजच्या सांगण्याचा रोख ह्या क्रमावर आहे.

उदाहरणासाठी दूर जायला नको. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन मोटारसेवा सुरू केली. गौलीगुड्यातील ते अर्धगोल पत्र्याचे प्रचंड छत ह्याच सेवेचे स्थानक होते. ते मुळात विमानांसाठी बनलेले होते, असे आपण सारे ऐकत आलो. जुलै २०१८ मध्ये ते कोसळले. गाड्या आणि प्रवासी आधीच हलवलेले असल्यामुळे जीवितहानी टळली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या छताखाली कंडक्टरांच्या पिढ्या घडल्या. छापील तिकिटांच्या गड्ड्या, पंच आणि मार्गपत्रक ही त्यांची आयुधे. प्रत्येक टप्प्यावर तिकिटांचे क्रमांक मांडायचे, रात्री डेपोत हिशेब जुळवायचा आणि चार आणे कमी पडले तर खिशातून भरायचे. मग हातातले तिकीटयंत्र आले. हिशेब यंत्रातूनच छापून निघू लागला. काम हलके झाले, असे फलाटावरून पाहणाऱ्याला वाटले आणि काही अंशी ते खरेही होते. परंतु हिशेब यंत्र करते म्हटल्यावर दूरच्या गाड्यांवर चालकानेच तिकिटे का फाडू नयेत, हा प्रश्न व्यवस्थापनाला सुचणारच होता, आणि तो सुचला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात स्त्रियांना मोफत प्रवास मिळाला आणि शून्य रुपयांचे तिकीटही त्याच यंत्रातून द्यावे लागले. योजना चांगली आहे, माझ्या घरच्या स्त्रियाही तिचा लाभ घेतात. पण गाडीतली गर्दी वाढली आणि प्रत्येक डोक्यामागे एक तिकीट काढणे आलेच. यंत्र तेच राहिले, काम निराळे झाले. कामाचा भार यंत्र आले त्या दिवशी एकदा मोजून भागत नाही, तो पुनःपुन्हा मोजावा लागतो. आमच्या विभागाच्या कोष्टकात मात्र ती मोजणी क्वचितच असते.

हैदराबादच्या मराठी माणसाला कामाची हत्यारे बदलणे नवे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी दरबारी कामासाठी उर्दू आत्मसात केली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. १९४८ नंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली आणि १९५६ च्या पुनर्रचनेनंतर तेलुगूही आवश्यक झाली. फायली तयार करण्यात हयात गेलेला कारकून एका पिढीत अडाणी ठरू शकतो, हे ह्या गावाने पाहिले आहे. ज्यांना नवी भाषा शिकायला अवधी मिळाला, ते टिकले. बुद्धीपेक्षा अवधीचा वाटा त्यात मोठा होता, असे माझे मत आहे.

आता थोडे कायद्याकडे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती, की ज्या सुधारणेमुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे, ती करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची सूचना द्यावी. २१ दिवस! इतक्या दिवसांत लग्नाचा हॉलही मिळत नाही. जाणत्या मंडळींनी म्हणूनच कायद्याच्या पुढे पाऊल टाकले. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात १९५६ साली कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. कंपनीने आधुनिकीकरणापायी असलेल्या कामगारांना काढणार नाही, असे वचन दिले आणि संघटनेने माणसे किती लागतील हे ठरवण्याचा कंपनीचा हक्क मानला. पुढच्याच वर्षी १५ व्या भारतीय श्रम परिषदेने हेच सूत्र देशापुढे ठेवले. कामावर असलेल्यांना काढू नये, लाभ वाटून घ्यावा आणि कामाचा भार दोन्ही पक्षांनी मिळून तपासावा. आधीच्या घटना पाहिल्या म्हणजे ह्या सूत्राची किंमत कळते. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली संप झाला आणि सहा महिने चालला. एका माणसाने अधिक माग सांभाळावेत, हा त्यातला एक मोठा तंटा होता. १९५५ साली कानपूरच्या गिरण्या ८० दिवस बंद राहिल्या, त्याचे कारणही हेच. मागाचा वेग किती वाढेल हे अभियंत्याने काढले होते. त्या मागापाशी उभे राहणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

बँकांचा अनुभव मी आतून पाहिला, म्हणून तेथे जरा थांबतो. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये आणखी झाले. यंत्रे कोणती, किती आणि कोठे, चालवणाऱ्याला भत्ता कोणता, हे सारे टेबलावर बसून ठरले. डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील दोन समित्यांनी दिशा दाखवली. ह्या सावकाशीला तेव्हा वर्तमानपत्रांनी खूप नावे ठेवली. मला तीत शहाणपण दिसते, कारण दहा वर्षांत एका पिढीला भीती गिळायला वेळ मिळाला.

तरीही चुका झाल्याच. मराठवाड्यातल्या एका शाखेतील गोष्ट सांगतो. कारकुनांना शहरात नेऊन इंग्रजीत पाच दिवसांचे शिक्षण दिले आणि यंत्र आले चार महिन्यांनी. तोवर शिकलेले सारे वाहून गेले होते. शाखेतल्या सर्वांत जुन्या हेडक्लार्कला तर शिक्षणालाही पाठवले नव्हते, कारण निवृत्तीला दोनच वर्षे उरली होती. नवे शाखाधिकारी आले आणि त्यांनी त्या गृहस्थांनाच बोलावले. यंत्रात चढवलेल्या शिलकांची छापील यादी रोज संध्याकाळी जुन्या खातेवहीशी ताडून पाहण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. कोणते खाते कोणत्या पानावरून कोणत्या पानावर गेले, कोणत्या जोडखात्यातला एक खातेदार वारला, हे त्यांना तोंडपाठ होते. पहिल्याच आठवड्यात वीसएक चुका निघाल्या. महिनाभरात त्यांच्या भोवती तरुण मुले बसू लागली आणि त्यांनी स्वतःही कळफलकावर बोटे ठेवली. कोणी त्यांना यंत्र शिका असे म्हटले नव्हते. यंत्राला त्यांची गरज आहे, एवढेच त्यांना दिसले होते. कामाचे तास न वाढवता खातेवही आणि यंत्र काही काळ शेजारी शेजारी चालू ठेवायला जादा माणूस लागतो. तो खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. ह्या एका मुद्द्यावर मी वरिष्ठांशी जन्मभर भांडलो.

मग घाई आली. केंद्रीय दक्षता आयुक्तांनी १९९८ साली बँकांना बजावले, की १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवहार संगणकावर यावेत. त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, स्वेच्छानिवृत्ती आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. बाहेर पडणाऱ्यांत जुन्या पद्धतीचे जाणकार मोठ्या संख्येने होते. ज्यांनी नव्या यादीतल्या चुका पकडायच्या, तेच निरोपाचे हार घेऊन घरी गेले. येथून हाकेच्या अंतरावर गनफाउंड्रीत मुख्यालय असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हाही पद्धती बदलल्या. तोवर मात्र माणसांना बदलाची सवय झाली होती.

आज ह्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची मुले माधापूरच्या हायटेक सिटीत बसतात. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या श्रेणीचे लोक अधिक होते. माझी चिंता मात्र खालच्या पायरीची आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता प्रथम उमेदवाराचे काम उचलते. पत्राचा मसुदा, तक्ता, छोटी आज्ञावली ही ती कामे. आमचा हेडक्लार्क वीस वर्षे खातेवही भरूनच जाणकार झाला होता. पहिली पायरी यंत्राला दिली, तर वीस वर्षांनी यंत्राची चूक ओळखणारा माणूस कोठून आणणार? मानव संसाधनाच्या अधिकाऱ्याने हा प्रश्न खरेदीच्या बैठकीत विचारायचा आहे, कागदावर सही होण्यापूर्वी. काही कामे यंत्राला जमत असूनही उमेदवारांसाठी राखून ठेवा, तो शिक्षणाचा खर्च समजा, असे तो म्हणू शकतो. त्या बैठकीला त्याला बोलावत नसतील, तर त्याने न बोलावता जावे.

श्रोत्यांमध्ये अशा खुर्चीवर बसणारे काही जण आहेत, हे मला माहीत आहे. व्याख्यानानंतर त्यांनी थांबावे, मला त्यांच्याकडून ऐकायचे आहे.