बॅटरी नव्या फोनची आणि जुन्या फोनची

२००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनची बॅटरी साधारण १४०० मिलिअँपिअर-अवरची होती. आज मध्यम किमतीच्या फोनमध्येही ५००० ची बॅटरी सर्रास मिळते. तरी रात्र झाली की चार्जर शोधावा लागतोच. नवे प्रोसेसर कमी विजेत जास्त काम करतात हे खरं, पण पडदे मोठे आणि प्रखर झाले, व्हिडिओ दिवसभर चालू राहू लागले आणि वाचलेली वीज तिथेच खर्ची पडली.

जुना फोन दुपारीच मान टाकतो, त्याचं कारण वेगळं. लिथियम-आयन बॅटरीत दर चार्जिंगला थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता टिकवतील अशा बेताने बनवल्या होत्या. आयफोन १५ पासून हा आकडा १००० झाला. एक आवर्तन म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज निम्मी बॅटरी वापरली, उद्या निम्मी, की एक पूर्ण झालं. माझ्या मते नव्या कॅमेऱ्यापेक्षा ही प्रगती मोलाची.

बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका. बॅटरी फुगलेली दिसली, तर चार्जिंगला मुळीच लावू नका. आणि बाकी फोन ठणठणीत असेल, तर नवा घेण्याआधी अधिकृत सेवाकेंद्रात फक्त बॅटरी बदलून बघा.